कुदळी घरीच ठेवा: मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
आपले मराठी मंडळ, लश्कर, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार.

गुरुवारच्या सभेतून मी अर्ध्यावर उठून आलो. गुडघे कुरकुरायला लागले की मला सतरंजीवर बसवत नाही. त्यामुळे तलावाचा ठराव घरी येऊन व्हॉट्सॲपवर वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मंडळाने आपला तलाव दत्तक घ्यायचा. येत्या रविवारी पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, दीडशे झाडं लावायची. सांडव्यावर वाळूची पोती रचून पाणी दीड फूट वाढवायचं, म्हणजे होळीपर्यंत नावा चालतील. पाळीच्या पायथ्याशी जिथे बारमाही चिखल असतो तिथे सिमेंट थापून गळती बंद करायची. आणि यंदाची कोजागिरी सांडव्याच्या फरशीवर करायची, कारण जागा सपाट आहे आणि पाय पाण्यात सोडून बसता येतं.

मंडळी, हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. आपल्यातली तरुण पोरं हळदीकुंकू आणि एकांकिका स्पर्धेच्या पलीकडे काही करू म्हणतात, याचा आनंदच आहे. पण या चारांतलं एकही काम करू नका. एकतीस वर्षं मी सिंचन खात्यात मातीच्या पाळी बांधण्यात आणि त्याहून जास्त त्या सांभाळण्यात घालवली. तुमच्यातले निम्मे मला ‘बांधवाले काका’ म्हणतात ते उगीच नाही. धरण फोडायचं असेल तर काय काय करावं, असं मला कुणी खात्याच्या परीक्षेत विचारलं असतं, तर माझं उत्तर या ठरावाच्या फार जवळ गेलं असतं.

पत्र खुलं लिहितोय कारण हा उत्साह आपल्याच मंडळापुरता नाही. माझ्या इंदूरच्या भाच्याने मागच्या महिन्यात त्यांच्या कॉलनीजवळच्या तळ्याच्या पाळीवर पिंपळ लावल्याचे फोटो पाठवले होते, पिंपळाला हार घालून. तलावाचं नाव मात्र मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी आणखी दोनशे मोटारसायकली हजर.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिंदेशाहीतली मातीची पाळ, लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास, सर्वांत खोल जागी उंची आठ मीटर. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला आपल्या इकडच्याच दगडाचं पिचिंग, म्हणजे रचलेलं अस्तर. उत्तरेच्या टोकाला दगडी सांडवा. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून नाल्यात जातं. या सगळ्या बांधकामात पाण्याला अंगावरून वाहू देणारी एवढी एकच जागा आहे. बाकीची पाळ ओली व्हायला तयार आहे, पण तिच्या डोक्यावरून पाणी गेलं तर ती तासा-दोन तासांची पाहुणी.

पोत्यांचं आधी बोलतो, कारण पावसाळा अजून संपलेला नाही.

परवा सकाळी मी लेव्हल ट्यूब (दोन जागांची उंची ताडून पाहायची पाण्याची नळी) घेऊन गेलो होतो. नातू बरोबर होता. सांडव्याच्या माथ्यापासून पाळीचा माथा पाच फूट वर आहे. पण हे कागदावरचं. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर आणि म्हशी जाऊन पाळ मध्यावर एक फूट बसली आहे. म्हणजे खरं अंतर चारच फूट. आता सांडव्यावर दीड फुटाची पोती ठेवा. उरले अडीच. तुम्ही म्हणाल, चारातले अडीच उरले म्हणजे बरेच उरले. इथेच घोटाळा आहे. सांडव्यावरून जाणारं पाणी उंचीच्या दीड घाताने वाढतं. चाराचा दीड घात (चार गुणिले त्याचं वर्गमूळ) आठ, अडीचाचा चार, किंचित कमीच. म्हणजे आपल्या पोत्यांनी सांडवा एका फटक्यात निम्मा होतो. पूर तोच येणार, दार मात्र अर्धं. शिवाय वारा सुटला की लाटा पाळीवर चढतात, त्यांचा हिशेब वेगळाच.

‘पाऊस वाढला की पोती काढू’ असं ठरावात कंसात लिहिलंय. कोण काढणार? रात्री दोन वाजता, वीज गेलेली, सांडव्यावर मांडीभर पाणी जोराने वाहतंय, आणि चिंब झालेलं चाळीस किलोचं पोतं उचलायला आपल्यातला कुणी त्यात उतरणार? मी उतरणार नाही आणि तुमच्या मुलांनाही उतरू देणार नाही. बरं, पोती आपणहून वाहून गेली तर दीड फुटाचं साठलेलं पाणी एकदम खाली सुटेल. खाली नाल्याच्या पोटात आता घरं झाली आहेत, हे तुम्हांला मी सांगायला नको. माझ्या आठवणीत गेल्या वीस वर्षांत सांडवा भरभरून असा चारदाच वाहिला. त्यामुळे नाला हा नाला आहे हेच लोक विसरले, आणि ज्याला जशी जागा मिळाली तशी त्याने भिंत घातली.

आपल्याकडे पाऊस कमी, असं आपण म्हणतो. खरंच कमी आहे. पण २०२१ च्या ऑगस्टात शिवपुरी-दतियाकडे काय झालं ते पाहिलंत ना? सिंध नदीवरचे पूल काडीसारखे गेले. कमी पावसाच्या मुलखात पाऊस कमी दिवस पडतो. पडतो तेव्हा हलकाच पडतो असं नाही.

आणि निदान ग्वाल्हेरकराने तरी हे विसरू नये. आपण ज्याचं पाणी पितो ते तिघरा एकदा फुटलेलं धरण आहे. माधव महाराज शिंद्यांच्या काळात सांक नदीवर बांधलं, १९१६ साली पुरं झालं, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात, १९ ऑगस्ट १९१७ ला गेलं. दगडी बांधकाम, चोवीस मीटर उंच. पाणी माथ्यावरून ०.८५ मीटर वाहिलं, म्हणजे तीन फूटसुद्धा नाही, चारशे मीटर लांबीवरून. दगडी भिंतीचे दोन मोठे तुकडे अख्खेच्या अख्खे पुढे सरकले. पुन्हा उभं राहायला १९२९ साल उजाडलं. माझे आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे होते. ‘तिघरं गेलं’ हे दोन शब्द ते अशा आवाजात म्हणत की आम्ही पोरं खेळणं थांबवायचो. आता तिथे रविवारी बोटी चालतात, मक्याची कणसं मिळतात, मीही खातो. पण दगडाची ती गत झाली, तर आपल्या मातीच्या पाळीचं काय होईल ते बघा. पुण्याच्या मंडळींना १२ जुलै १९६१ चं पानशेत आठवतं. आपल्याला तिघरा आठवायला हवं, आणि आपल्याकडे ते शाळेतही कुणी सांगत नाही.

झाडांबद्दल लिहिताना मला अवघड वाटतं, कारण झाड लावू नका म्हणणारा म्हातारा कुणालाच आवडत नाही. लावा हो, खुशाल लावा. पाळीवर नको. झाडाची मुळं पाण्याकडे जातात, आणि पाळीत पाणी कुठे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. झाड जिवंत असेपर्यंत मुळं माती फोडतात. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी आरपार नळ्या राहतात. वादळात उन्मळलं तर बैलगाडीभर माती घेऊनच पडतं. सावलीत गवत मरतं, आणि झुडपात घुशी नि साळिंदरं घर करतात. त्याहून मोठी अडचण अशी की झाडीत पाळ दिसेनाशी होते. पाळ रोज डोळ्यांनी दिसली पाहिजे. भेग, खचणं, ओल, बीळ, सगळं डोळ्यांनीच कळतं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

मग पाळीवर काय लावायचं? हराळी. आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा. त्यांची बहुतेक मुळं वरच्या थरातच जाळं विणतात, माती धरून ठेवतात आणि पाळीच्या पोटात शिरत नाहीत. खात्यात आम्ही त्याला टर्फिंग म्हणायचो आणि फुटाच्या हिशेबाने बिलं काढायचो. आता गणेशोत्सवात मंडळ एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या दहा रुपयांना बाड्याच्या बाजारातून विकत आणतं. दोन वर्षांत आपल्या पाळीवरच इतक्या होतील की सगळ्या लश्कराला पुरतील. दीडशे झाडं लावायचीच असतील तर दक्षिणेच्या टेकाडावर लावा. पावसाचं पाणी तिथूनच गाळ घेऊन तलावात येतं, तिथे झाडांची खरी गरज आहे. पाळीवर आधीच जो जुना कडुनिंब आहे त्याला मात्र हात लावू नका. कापून मुळं आत सोडलीत तर लावण्याइतकंच वाईट. ते काम खात्याच्या माणसाच्या देखरेखीखाली, खड्डा नीट दाबून भरून करायचं असतं.

आता पायथ्याच्या चिखलाबद्दल. हा मुद्दा मी शेवटी घेणार होतो, पण माझा सगळ्यात जास्त जीव इथेच अडकलाय.

नोकरीचं माझं तिसरं की चौथं वर्ष असेल. दुसऱ्या जिल्ह्यातला, असाच लहानसा तलाव. रात्री चौकीदार सायकलवरून आला, म्हणाला, पायथ्याशी पाणी ‘उकळतंय’. गेलो. कंदिलाच्या उजेडात बघतो तर जमिनीतून ताटाएवढ्या जागेत पाणी बुडबुडत वर येतंय, आणि भोवती बारीक मातीचं कडं साठलंय, अगदी वारुळासारखं. गावकऱ्यांनी काळ्या मातीचे गोळे करून आणले होते. भोक बुजवायचं म्हणून. मीही नवखा, मलाही तेच बरोबर वाटलं. तेवढ्यात आमच्याकडचा एक म्हातारा मिस्त्री, अंगठेबहाद्दर, माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, ‘साहब, मुँह मत बंद करो. छन्ना बाँधो.’ त्याने आधी जाड रेती टाकायला लावली, तिच्यावर गिट्टी, तिच्यावर दगड. चहाच्या गाळणीसारखं. पाणी येत राहिलं, पण हळूहळू निवळलं. पहाटे चारच्या सुमारास त्याने ते ओंजळीत घेऊन मला दाखवलं. तळहाताच्या रेषा दिसत होत्या.

पुढे पुस्तकात याला उलटी गाळणी म्हणतात हे वाचलं. तत्त्व साधं आहे. मातीची पाळ पाझरतेच. न पाझरणारी पाळ मी पाहिली नाही. पाणी स्वच्छ येत असेल आणि वाढत नसेल तर पाळीला घाम येतोय एवढंच. गढूळ आलं की समजायचं, ते पाळीची माती बरोबर घेऊन येतंय. आतून पोकळ होत होत एक दिवस बोगदा पडतो. मातीची धरणं फुटतात ती बहुतेक या दोनच प्रकारांनी, माथ्यावरून पाणी गेल्याने नाहीतर पोटातून माती गेल्याने. तुम्ही बाहेरून सिमेंट थापलंत तर पाझर थांबणार नाही. पाणी आत तुंबेल, पाळीचा खालचा भाग भिजून जड आणि मऊ होईल, आणि मग ते दुसरीकडे तोंड काढेल, कदाचित जिथे आपल्याला दिसणार नाही अशा ठिकाणी.

२०२२ च्या ऑगस्टात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाचं आठवत असेल. नवी पाळ, अजून पुरी व्हायची होती, आणि बाहेरच्या अंगाने गळती सुरू झाली. अठरा गावं रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी वाट करून सोडलं. गावं वाचली, कारण गळती वेळेत कुणाला तरी दिसली. तिथे दिवसरात्र टीव्हीचे कॅमेरे होते. आपल्या पाळीवर कोण आहे? सकाळी फिरायला येणारे आपण सात-आठ म्हातारे.

लहान धरण म्हणजे लहान धोका, असं सगळ्यांना वाटतं. सरकारलाही थोडं तसंच वाटलं असावं. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला, त्याच वर्षी ३० डिसेंबरपासून लागू आहे. त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणीबाणीचा आराखडा, सगळं आहे. पण तो लागू होतो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरच्या धरणांपैकी लांबी, साठा, पूर वगैरे काही अटी भरणाऱ्यांना. आपली पाळ आठ मीटरची. ती त्या कायद्याच्या खालून निघून जाते. तलाव दरबारचा होता, मग मध्य भारत राज्याचा झाला, मग मध्य प्रदेशाचा, आणि आता कुणाचा हे विचारायला मी तीन कचेऱ्यांत गेलो. तिघांनीही मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि बाकीच्या दोघांकडे पाठवलं.

म्हणून मंडळाने दत्तक घ्यायचंच असेल तर आधी हे करा. कुणाच्या नावावर तलाव आहे याचं उत्तर लेखी मागा, माहितीच्या अधिकारात मागा. आपल्यात दोन वकील आहेत, एरवी ते वार्षिक सभेत घटनेच्या कलमांवरून भांडतात. त्यांना हे काम द्या. मालक सापडला की मध्यावर बसलेली पाळ मुरूम टाकून, दाबून पुन्हा पाच फुटांवर आणून घ्यायची मागणी करा. सांडव्याशेजारी दगडावर फुटांचे आकडे रंगवायची परवानगी मागा. मोरीची, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या वाटेची, झडप दोन वर्षांत कुणी फिरवून पाहिलेली नाही, तीही तपासायला सांगा. अर्जाचा मसुदा मी करून देतो, हिंदीत.

नावांचं थोडक्यात. पोत्यांशिवायही दिवाळीनंतर महिना-दीड महिना पाणी नावेपुरतं असतंच, तेवढं पुरे. पण लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय एकही पोर नावेत चढणार नाही, आणि नावेवर जेवढ्यांचा आकडा लिहिलाय त्यापेक्षा एकही जास्त बसणार नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात नाव उलटून चौदा जण गेले, त्यांत बारा शाळेची मुलं. सहलीला आली होती. नाव जास्त भरली होती आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. मोरीच्या विहिरीजवळ आणि सांडव्याजवळ नाव जाऊ नये म्हणून दोर आणि रिकामे डबे बांधून रेघ आखा. मोरी चालू असताना पाणी वरून शांत दिसतं आणि खाली ओढ असते. तिथे पोहायचं तर मुळीच नाही.

आता कोजागिरी. सांडव्याची फरशी सपाट आहे हे खरं, आणि चांदण्यात ती फार सुंदर दिसते हेही खरं. तरुणपणी मीही तिथे बसलोय. पण ती पाण्याच्या जाण्याची वाट आहे. आश्विनात तिच्यावर बोटभर पाणी असतं आणि त्याखाली शेवाळ. साठीच्या बायका, लहान मुलं, आणि कढई घेऊन चाललेला एखादा उत्साही. सांडव्याच्या खाली पाणी जिथे पडतं तिथे ते गोल फिरून परत भिंतीकडे येतं. त्यात सापडलेला चांगला पोहणाराही बाहेर येत नाही. आणि पाऊस आपल्या डोक्यावरच पडावा लागतो असं नाही. १५ ऑगस्ट २०१८ ला शिवपुरी जिल्ह्यातल्या सुलतानगढच्या धबधब्यावर सुट्टीची गर्दी होती. वर कुठेतरी पाऊस झाला, पाणी अचानक वाढलं, काही जण वाहून गेले आणि चाळीसेक जण खडकावर अडकून राहिले. त्यांना रात्री दोर लावून, हेलिकॉप्टर आणून काढावं लागलं. त्यापैकी प्रत्येकजण घरून ‘संध्याकाळपर्यंत येतो’ म्हणूनच निघाला असणार.

कोजागिरी देवळाच्या चौथऱ्यावर करू. दक्षिणेला, उंचावर आहे, पाणी समोर दिसतं, चंद्र तर पाण्यात दोनदा दिसतो. चूल मांडायला आडोसा आहे. देवळाच्या पुजाऱ्यांशी मी बोललो आहे, त्यांची अट एकच, दुधाचा पहिला पेला देवाला.

रविवारचा कार्यक्रम रद्द करू नका. पोरांनी निरोप पाठवून ठेवलेत, नाश्त्याच्या बेडईवाल्याला आगाऊ पैसे दिलेत. सकाळी सातला मी पाळीवर असेन. कुदळी घरीच ठेवा. विळे, दोन घमेली आणि चुन्याची एक पिशवी आणा. वीस जणांनी ओळ धरून पाळीवरची विलायती बाभळीची रोपं जमिनीलगत कापायची, उपटायची नाहीत. जिथे बीळ, भेग किंवा ओल दिसेल तिथे चुन्याची खूण करायची. मी वहीत मांडून ठेवीन, आणि अर्जाबरोबर ते पान जोडू. पावसाच्या रात्री पाळीवरून एक फेरी मारायला कोण दोघं-दोघं तयार आहेत त्यांची नावंही तिथेच लिहून घेऊ. टॉर्च मंडळाचा, छत्री ज्याची त्याची.

आणि प्रत्येकाने घरून काचेचा एक पेला आणावा. पायथ्याशी तीन ठिकाणी पाझर आहे. तिथलं पाणी पेल्यात घेऊन दहा मिनिटं पिचिंगच्या दगडावर ठेवू. तेवढ्यात बेडई येईल. मग पेल्याच्या तळाशी काय बसलंय ते सगळे मिळून बघू.

आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद
(निवृत्त उपअभियंता)
लश्कर, ग्वाल्हेर